नाही म्हणता न येणारा राजा

या, बसा. जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू येऊ दे. आणि आधी पैज लावा. गोष्टीत राजा आहे, राजकन्या आहे, मांत्रिक आहे. म्हणजे तुम्ही म्हणणार, त्यात काय ओळखायचं, मांत्रिक मरतो, राजकन्या सुटते, हत्तीवरून साखर वाटतात. सुटते हो राजकन्या. घ्या, आत्ताच सांगून टाकलं. मांत्रिकही जातो. साखरही वाटतात. तरी शेवट ओळखून दाखवा. ज्यानं ओळखला त्यानं सांगणाऱ्याची अर्धी मिशी भादरावी. आजवर लई शहाणे वस्तरा पाजळून बसले. मिशी जागच्या जागी आहे.

तर एका राज्यात एक राजा होता. नाव केसरभान. चांगला होता, राजे असतात तितपत. आणि राज्य कसं होतं म्हणाल, तर भांडखोर. काय सांगावं त्याचं सुख. सकाळी बाजार भरला की लाह्या फुटाव्यात तशी ‘नाही नाही’ची तडतड सुरू. बाई भोपळा उचलायची, भाव विचारायची आणि म्हणायची, नाही बाई, एवढ्यात तर वेलासकट बागवान येईल. बागवान म्हणायचा, नाही परवडत, व्हा पुढं. ती पुढं व्हायची, पण पाऊल असं रेंगाळत टाकायची की मागून हाक आलीच पाहिजे. यायचीच. घरोघरी सुना सासवांना नाही म्हणायच्या, सासवा सुनांना. पोरं आंघोळीला नाही म्हणायची, म्हशी दूध द्यायला. आणि दिवस कलला की हीच सगळी माणसं पारावर एका चिलमीभोवती बसायची. तेव्हा कुणाला वाटलं होतं, या कटकटीची पुढं आठवण येईल आणि डोळे भरतील.

राजाची आई तो पाळण्यात असतानाच गेली. त्याला दूध पाजलं सुंद्रादाईनं. दाईचा स्वतःचा लेक तेवढ्याच वयाचा, येसबा. एका मांडीवर केसर, एका मांडीवर येसबा. दोघं एका ताटात जेवले, एका घोड्यावरून पडले. केसर गादीवर बसला, येसबा त्याच्या घोडदळाचा सरदार झाला. दाईला राजा आईच म्हणायचा आणि ती त्याला नुसतं केसर म्हणायची, भर दरबारातसुद्धा.

मग एका साली शत्रू चालून आला. येसबा मूठभर स्वारांनिशी त्याला आडवा गेला, रेटला गेला आणि मागं फिरून गडाकडं आला, तर गडाचा दरवाजा बंद. शत्रूनं त्यांना दरवाज्याबाहेरच कापलं. वेढा उठला तेव्हा येसबा उंबऱ्यापाशी सापडला. दाईनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. राजा समोर उभा. तर त्या माउलीनं उलट त्यालाच धीर दिला. म्हणली, “तुझा काय इलाज होता, बाळा. दार उघडलं असतं तर गड गेला असता.”

सगळे तेच म्हणले. प्रधान म्हणला, सेनापती म्हणला, भाट तर ते गाऊन दाखवायला लागला. राजाला मात्र त्या दिवसापासून घास गोड लागेना.

अशात राज्यात एक मांत्रिक आला. अंगानं वाळक्या काटकीएवढा, आवाज मात्र काकवीचा. नाव त्याचं काय ते त्यालाच ठाऊक, लोक त्याला ओझेबुवा म्हणायचे, कारण तो लोकांची ओझी घ्यायचा. पोती नाहीत हो, मनावरची. त्यानं राजाला सांगितलं, ओल्या मातीची एक बाहुली कर, आपला एक केस तिच्या डोक्याला लाव, आणि तिच्या कानात सांग, माझा इलाज नव्हता. बस. पुढचं मी बघतो. राजानं तसं केलं. ओझेबुवानं बाहुली झोळीत टाकली. आणि राजाला भूक लागली. कढीभात मागवला, दोनदा घेतला, आणि गाढ झोपला.

मग काय विचारता. राजानं केलं म्हणून प्रधानानं केलं, प्रधानानं केलं म्हणून त्याच्या मेव्हण्यानं. दारोदार माती मळायला लागले. सुनेनं दूध उतू घातलं, कर बाहुली. शेजाऱ्याचा बांध कोरला, कर बाहुली. भावाला घराबाहेर काढलं, कर मोठी बाहुली. ओझेबुवा झोळी भरभरून डोंगरातल्या गुहेत नेऊन ठेवायचा. मागायचा काही नाही. फुकट. आणि फुकट म्हणलं की माणूस विषाचीसुद्धा चव बघतो, हे तुम्हाला सांगायला नको.

राज्यात भांडणं थांबली. लोक म्हणले, रामराज्य आलं. हळूहळू ध्यानात यायला लागलं की कुणाच्याच तोंडून ‘नाही’ निघत नाही. ‘माझा इलाज नव्हता’ तेवढं सगळ्यांना छान म्हणता यायचं, पण समोरून कुणी काही मागितलं, काही विचारलं, की तोंडातून ‘हो’. एका बापाकडं दोन ठिकाणची मागणी आली, तो दोन्हीला हो म्हणला, आणि एकाच मांडवात दोन नवरदेव मुंडावळ्या बांधून आले. आचाऱ्यानं विचारलं आणखी मीठ घालू, मालक म्हणले हो. न्हाव्यानं राजालाच विचारलं, महाराज, मिशी पण काढू का. राजा म्हणला हो. झाली सफाचट. बाजारात बाई भोपळ्याचा भाव विचारायची, ऐकायची आणि मुकाट घेऊन जायची. बागवान तिच्या पाठीकडं बघत राहायचा. इतका विकला जायचा माल, पण गड्याचा दिवस जाता जायचा नाही. म्हातारी माणसं पारावर बसून म्हणायची, कशी भांडायची माझी थोरली, उठता बसता ना… पण ‘नाही’वर आली की जीभ अडखळायची, आणि वाक्य तिथंच राहायचं.

इथवर चाललं. मग ओझेबुवा दरबारात आला. म्हणला, राजा, गुहेतल्या बाहुल्या एकट्या पडल्या की तडकतात. त्यांच्यात बसून त्यांचं ऐकणारं एक कोरं माणूस लागतं, ज्यानं आपली बाहुली कधी केलेली नसेल असं. आधीची राखणदारीण ऐकता ऐकता स्वतःच मातीची झाली. तुझी राजकन्या अजून कोरी आहे. दसऱ्याला पाठवशील?

राजकन्या पोवळी तिथंच उभी होती. लहानपण नुकतंच सरलेलं, बाहुली कधी केलेली नाही, म्हणून तिची जीभ शाबूत. ती म्हणली, “आबा, नाही म्हणा.”

राजानं तोंड उघडलं. कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. सगळा दरबार बघत होता.

“हो,” राजा म्हणला.

पोवळी रडली नाही. तिनं बापाकडं असं बघितलं की त्यापेक्षा रडली असती तर बरं. ती सतरा वेळा नाही म्हणली असती हो, पण पालखी उचलणारे भोई, दार उघडणारे पहारेकरी, सगळे हो म्हणणारे. एकटीच्या नाहीला कोण पुसतो.

राजा तसाच उठून तळ्याच्या पाळीवर जाऊन बसला. भर दुपार. समोर वाळूत एक टिटवी उताणी झोपलेली, दोन्ही पाय आभाळाकडं ताठ. राजानं तिला विचारलं, हे काय. टिटवी म्हणली, आभाळ पडलं तर झेलायला नको?

राजाला त्याही दुःखात गंमत वाटली. “टिटवीबाई, तुझ्या काडीएवढ्या पायांनी आभाळ थांबणार आहे का?”

“थांबायचं की नाही ते आभाळ बघेल,” टिटवी म्हणली. “पाय वर करायचे की नाही ते मी बघते.”

राजाचे डोळे पाण्यानं भरले. बोलण्यानं नव्हे, त्यातल्या एका शब्दानं. किती दिवसांनी कानावर पडला होता कुणा परक्याच्या तोंडून. त्यानं टिटवीला गयावया केली, तो शब्द मला शिकव. टिटवी म्हणली, शिकवायला तो काय पाढा आहे? तुझा होता, तूच दिलास. “राजा, दोष आणि मर्जी जुळ्या बहिणी. तू एकीला घालवलंस, दुसरी तिचा पदर धरून मागं गेली. तुझ्या बाहुलीत दोघी बसल्यात. आणायला येतोस?”

आता राजा काय म्हणणार होता. “हो.”

अशी निघाली स्वारी. राजाच्या डोक्यावर टिटवी, पगडीवर तुरा खोचावा तशी. दसरा जवळ आला होता आणि डोंगर लांब होता.

डोंगराच्या पायथ्याशी नदी लागली. नदी साधी असती तर राजा पोहला असता, पण ती बोलणारी. राजाचे पाय बुडाले तसं ती लाडानं म्हणली, चल माझ्याबरोबर, खाली समुद्राला जाऊ. राजा म्हणला हो, आणि लागला वाहायला. वरून टिटवी ओरडली, पलीकडं पोह. राजा म्हणला हो, आणि लागला हात मारायला. नदी म्हणली चल, हो. टिटवी म्हणली पोह, हो. दोन्हींकडं हो म्हणणाऱ्याचं जे होतं तेच झालं. राजा मधोमध भोवऱ्यासारखा गरगर फिरत राहिला. शेवटी टिटवीनं काठावरचा चिखल चोचीत आणून राजाचे दोन्ही कान लिंपून टाकले, टाळक्यावर बसली आणि चोचीनं टोचून त्याला हाकायला लागली. डावीकडं टोचलं की डावा हात, उजवीकडं टोचलं की उजवा. राजा पार झाला. खरं सांगायचं तर टिटवी पार झाली, खाली राजा होता इतकंच.

काठावर आल्यावर तिनं कान मोकळे केले. राजा म्हणला, जमलं की मला. टिटवी म्हणली, तुला? ओंडक्याला सुद्धा असंच जमतं.

डोंगराच्या मध्यावर एक राक्षसीण चूल मांडून बसलेली. लांबून वास असा सुटला होता की मेलेला उठून पाट मांडेल. तिनं राजाला हाताला धरून बसवलं, पत्रावळ घातली, पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. राजा जेवला. ती म्हणली, आणखी वाढू? हो. आणखी एक? हो. आग्रहानं माणूस मारायची ती जागा होती. आजूबाजूला आधी आलेल्यांचे सांगाडे पाटावर बसलेले, एकाचा हात अजून पत्रावळीवर आडवा धरलेला, पण तोंडानं हो म्हणून गेला बिचारा. राजाचा कंबरपट्टा तटकन तुटला. डोळे बाहेर यायला लागले. त्यानं टिटवीकडं बघितलं.

टिटवी झाडावर बसून पिसं साफ करत होती. म्हणली, या खेपेला अर्धंच सांगीन, अर्धं तू बघ. ही बाईसुद्धा ओझेबुवाचीच. हिची बाहुली झाली नसेल का?

राजा घास तोंडात तसाच धरून विचार करायला लागला. स्वतःच्या डोक्यानं विचार करून फार दिवस झाले होते. गंजलेल्या रहाटासारखं डोकं कुरकुरलं, पण फिरलं. घास गिळून तो राक्षसिणीला म्हणला, “वाढणाऱ्या बाईनं उपाशी राहू नये. तुझं पान मांडू का?”

राक्षसिणीचा हात थबकला. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “हो,” ती म्हणली.

राजानं तिला वाढलं. एक पोळी वाढली, आणखी वाढू का म्हणून विचारलं. हो. तूप घालू? हो. दूध घालू? हो. वाढता वाढता परात संपली, कढई संपली, तुपाचा बुधला निथळला, आणि राक्षसीण तृप्त होऊन, तोंडाला तूप तसंच, आडवी झाली. झोपेत हसत होती म्हणे. जन्मात पहिल्यांदा कुणी वाढलं होतं तिला. राजानं तिच्या अंगावर पत्रावळींचं पांघरूण घातलं आणि वर चढला.

वर गुहा. गुहेत बाहुल्या. जमिनीपासून छतापर्यंत, खेटून खेटून, सगळ्या राज्याच्या. आणि सगळ्या पुटपुटत होत्या, पोळ्यात मधमाशा घुमाव्यात तसं. माझा इलाज नव्हता, माझा इलाज नव्हता. बायकांचे आवाज, पुरुषांचे आवाज, ओळखीचे आवाज. सगळ्यांच्या तळाशी, भिंतीच्या बुडातल्या दिवळीत, राजाची बाहुली. सगळ्यात जुनी, धुरानं काळी पडलेली. बाजूलाच ओझेबुवा मांडी घालून बसलेला.

राजा टिटवीला म्हणला, सांग, उचल म्हणून सांग.

“नाही,” टिटवी म्हणली.

राजा गांगरला. तिनं समजावलं, नदी मी ओलांडली, ती माझ्या नावावर. पोळ्या अर्ध्या माझ्या, अर्ध्या तुझ्या. ही बाहुली मी उचलायला लावली तर उद्या म्हणशील, टिटवीनं सांगितलं, माझा इलाज नव्हता. मग ती बाहुली या गुहेतून निघून दुसऱ्या गुहेत जाईल, एवढंच. एवढं बोलून टिटवी गुहेच्या तोंडाशी एका पायावर उभी राहिली आणि खरंच गप्प झाली. टिटवी गप्प राहणं म्हणजे काय असतं, ते तळ्याकाठी राहणाऱ्यांना विचारा.

ओझेबुवा हसला. काकवीच्या आवाजात म्हणला, राजा, दमलास. कशाला जुनं उकरतोस. जा, घरी जा.

“हो,” राजा म्हणला, आणि त्याचे पाय वळले. लेक डोळ्यांपुढं होती. पालखी डोळ्यांपुढं होती. पाय ऐकेनात. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. राजा आतल्या आत धुंडाळायला लागला, माझ्याजवळ माझं म्हणावं असं काही उरलंय का. असं काही, जे या बुवाच्या झोळीत टाकायचं राहून गेलंय. लढाया दिल्या होत्या. शिक्षा दिल्या होत्या. राणीला रडवलं होतं ते दिलं होतं. सगळं एकेक करून बाहुल्यांत घालून मोकळा झालेला माणूस तो, आत नुसता रिकामा रांजण.

आणि रांजणाच्या बुडाशी एक सापडलं.

लहानपणची गोष्ट. केसर आणि येसबा रानात गेले आणि खाजकुयलीच्या शेंगा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दरबार. वडील महाराज सिंहासनावर बसले. समोर परमुलखाचा वकील नजराणा घेऊन उभा. तो वाकून म्हणतोय, आमच्या राजांचा नमस्कार, आणि महाराजांनी हळूच एक ढुंगण उचललं. मग दुसरं. मग राजदंड पाठीमागून घातला आणि खसाखसा खाजवायला लागले. वकिलाला वाटलं, या मुलखात नमस्कार असाच घेतात. तोही खाजवायला लागला. त्याच्यामागं त्याचे हुजरे. सगळा दरबार खाजवतोय. पोरं खांबामागं तोंडात मूठ घालून गडाबडा लोळतायत. मग महाराजांची गर्जना झाली, कुणी केलं हे. येसबा पुढं व्हायला निघाला, त्याला सवय होती. केसरनं त्याची बंडी मागं ओढली आणि स्वतः पुढं जाऊन म्हणला, मी. वेताच्या छड्या खाल्ल्या. रात्रभर पालथं झोपावं लागलं. दाई पाठीला हळद लावत होती, शिव्या घालत होती आणि शिव्या घालता घालता हसत होती. तिच्या हसण्यानं तिचं पोट हालत होतं आणि त्यावर टेकलेलं केसरचं डोकंही हालत होतं.

त्या छड्यांची बाहुली राजानं कधी केली नव्हती. कोण करील? ती गोष्ट त्याची होती. अख्ख्या आयुष्यात तेवढीच उरली होती त्याची.

गुहेत उभ्या उभ्या राजाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. ओझेबुवाची मुद्रा पालटली. त्यानं विचारलं, तुला हसायला कुणी सांगितलं?

“माझं मलाच आलं,” राजा म्हणला. आणि बघतो तर पाय थांबलेले.

तो मागं फिरला. कसा फिरला म्हणाल, तर गाळात रुतलेली गाडी निघावी तसा, बोट बोट. दिवळीपाशी गेला. बाहुली उचलली. मुठीएवढी बाहुली, पण जात्याच्या तळीसारखी जड. तिच्यातून त्याचाच तरुणपणाचा आवाज आला, माझा इलाज नव्हता, माझा इलाज नव्हता.

राजानं तिला कानापासून लांब धरलं आणि जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते बोलला.

“इलाज होता. मोठा दरवाजा राहू दे, त्यातलं छोटं दार, दिंडी, उघडता आली असती. येसबा बाहेरून सांगत होता, केसर, दिंडी उघड, ते अजून ओढ्यापलीकडं आहेत. मला ऐकू येत होतं. हात कडीवर होता. मी भ्यालो. मी उघडली नाही.”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं, तोंडातून काय निघालं ते. इतकी वर्षं शोधत होता तो शब्द, आणि निघाला तो असा, काटा निघावा तसा, रक्तासकट.

बाहुली हातात फुटली. नुसती माती.

ओझेबुवा घाईघाईनं बोलायला लागला, मी कुणावर जबरदस्ती केली, सगळे आपणहून आले. राजा म्हणला, खरं आहे, आपणहून आलो. आणि वर म्हणला, “माझी पोर तुला मिळणार नाही.”

तळाची बाहुली गेली तशी वरची रास घसरली. एकीवर एक पडून सगळ्या फुटल्या. पुटपुट थांबली. आणि ओझेबुवा? त्याला काही वज्र लागलं नाही की वीज पडली नाही. दुसऱ्यांच्या ओझ्यानंच तो भुईवर टिकला होता. ओझी गेली तसा तो मांडी घातलेल्या स्थितीतच वर उचलला गेला, आणि गुहेच्या तोंडातून शेवरीच्या कापसासारखा तरंगत निघून गेला. टिटवीनं त्याला जाताना बघितलं आणि सवयीनं एक पाय आभाळाकडं धरला.

राज्यात त्या क्षणी ज्याचं त्याच्याकडं परत आलं. बायका हातातलं काम टाकून मटकन बसल्या. भावाला घालवणारा भाऊ तसाच चपला न घालता रस्त्याला लागला, त्याला शोधायला. पहिलं ‘नाही’ कुठून आलं ठाऊक आहे? बाजारातून. एका बाईनं भोपळा उचलला, भाव ऐकला आणि म्हणली, नाही बाई, लुटायला बसलात का. बागवान ऐकून हमसाहमशी रडला. रडत रडत म्हणला, नाही परवडत, व्हा पुढं. दोन जावई करून बसलेल्या बापानं एकाला नाही म्हणलं आणि मार खाल्ला, पण मानानं खाल्ला.

राजा परतला तो दसऱ्याला. पालखी वेशीपर्यंत आली होती, पण भोयांनी ती खाली ठेवून दिली होती, आणि पोवळी वेशीबाहेर दगडावर बसून बापाची वाट बघत होती. राजानं वेशीवरच्या पहारेकऱ्याचा घोडा घेतला आणि लेकीला पुढं बसवलं. घराघरांत आपट्याची पानं वाटली. हत्तीवरून साखर वाटली. ही घ्या तुमची साखर.

उत्सव संपला तसा राजा सुंद्रादाईच्या खोलीत गेला. ती कवळ्या उन्हात भिंतीला पाठ लावून वाती वळत बसली होती. तिनं त्याला बघून शेजारी जागा केली. राजा बसला नाही. त्यानं दिंडीचं सांगितलं. ओढ्याचं सांगितलं. कडीवरच्या हाताचं सांगितलं. न सांगता चाललं असतं. राज्य सुटलं होतं, लेक सुटली होती, मांत्रिक गेला होता. आणि ते ऐकायला गुहेत टिटवीशिवाय कोण होतं? तिलाही बोलायला हजार विषय. तरी सांगितलं.

दाईचे हात थांबले. मग एकच विचारलं, “त्यानं आणखी काय हाक मारली?”

“केसर म्हणला. नुसतं केसर. मग तुझं नाव घेतलं.”

म्हातारीनं वातींची टोपली बाजूला सारली. राजा तिच्या पायाशी बसला आणि म्हणला, “आई, मला माफ करशील?”

“नाही,” दाई म्हणली.

रागानं नाही म्हणली. बाजारात म्हणतात तसं तर मुळीच नाही, की मागून हाक यावी. राजानं मान खाली घातली. दाईनं तिसऱ्या प्रहरी आपली वळकटी बांधली आणि माहेरच्या गावाला गेली. प्रधानानं कानात सांगितलं, महाराज, हुकूम करा, थांबेल. राजानं केला नाही.

दर साली राजा तिच्या दारात जायचा, एकटा, घोडा लांब बांधून. ती त्याला पाट द्यायची, पाणी द्यायची, भाकरी वाढायची, उन्हाची टोपी घाल म्हणून सांगायची. जेवण झालं की तो तेच विचारायचा आणि ती तेच सांगायची. तो उठून परत यायचा, आणि साल फिरलं की पुन्हा निघायचा.

एका साली गेला तर दाराला कुलूप. शेजारीण धुणं वाळत घालत होती. तिनं सांगितलं, म्हातारी पंधरवड्यापूर्वी गेली, शांतपणे गेली, शेवटी येसबा येसबा करत होती. शेजारीण राजाला ओळखत नव्हती. तिला तो कुणी लांबचा भाचा वाटला.

राजानं विचारलं, माझ्यासाठी काही सांगून गेली का.

शेजारणीनं ओलं लुगडं झटकलं, आठवून बघितलं, आणि म्हणली, नाही.

राजा उन्हं उतरेपर्यंत त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिला.